कात्री शिकणारीच्या हातात
(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मी दादरहून बोलते आहे. वय सहासष्ट. गेली बत्तीस वर्षं मी शिवणकाम शिकवते. परकर, झबली, साधा ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज, कटोरी, प्रिन्सेस कट, जे जे बाईला घरासाठी आणि चार पैसे मिळवण्यासाठी लागतं ते सगळं. त्यातली सत्तावीस वर्षं समोरासमोर शिकवलं. मग एकसष्टाव्या वर्षी फोनवरून शिकवायला शिकले. ते कसं शिकले आणि त्यातलं तुमच्या गटाला काय उपयोगी पडेल, एवढंच आज सांगणार आहे.

आधी एक शिवणाची गोष्ट. वर्गात नवीन बाई आली की तिला कापड कापायची भीती वाटते. कागदावर ती आनंदाने आखते. कापडावर खडूची रेघही ओढते. पण कात्री हातात दिली की म्हणते, “ताई, पहिलं तुम्हीच कापा ना.” अशा वेळी शिकवणारीने कात्री घेतली तर कापड छान कापलं जातं, पण बाई शिकत नाही. पुढच्या आठवड्यातही ती तेच म्हणते. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. कात्री शिकणारीच्या हातात राहणार. मी फार तर शेजारी उभी राहीन, बोट दाखवीन, पण कात्री घेणार नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

दादर तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिलं असेल. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे या दोन्ही मार्गांच्या लोकल इथे थांबतात. त्यामुळे वसई-विरारची बाई आणि कल्याण-डोंबिवलीची बाई एकाच वर्गात येऊ शकते. स्टेशनला लागून फुलबाजार, पूर्वेला हिंदमाताकडे कापडाची दुकानं. बाया यायच्या, शिकायच्या, जाताना कापड, दोरा, हूक घेऊन जायच्या. माझा वर्ग म्हणजे आमच्या चाळीतली एक खोली आणि पाच मशीन. पण तो चालायचा लोकलच्या जोरावर.

मग २२ मार्च २०२० आला. जनता कर्फ्यू झाला, त्या रात्रीपासून लोकल बंद झाल्या आणि दोन-तीन दिवसांत सगळ्या देशाला कुलूप लागलं. बायकांना लोकलने ठरावीक वेळात जायला परवानगी मिळाली ती २१ ऑक्टोबरला. सात महिने गेले. माझ्या वर्गात तेव्हा नऊजणी होत्या. कुणाचा ब्लाउज अर्धा शिवून झालेला, कुणी नुकतीच बाही जोडायला लागलेली. दोघींच्या घरची कमाई बंद पडली होती आणि त्यांना शिवण लवकर हाती यायला हवं होतं. त्या रोज फोन करायच्या, “ताई, मुंढा जमत नाही.” आता मुंढ्याची गोलाई बोलून कशी सांगायची? ती दाखवावी लागते.

माझ्याकडे स्मार्टफोन होता. मुलाने घेऊन दिलेला. त्यावर मी फोन घेत असे आणि नातवंडांचे फोटो बघत असे. आमच्या मजल्यावर नववीतली एक मुलगी राहते. तिची शाळाही तेव्हा फोनवरच भरत होती. तिला मी म्हटलं, मला शिकव. ती हुशार आणि झटपट. “आजी, द्या इकडे,” म्हणून तिने फोन घेतला, अंगठा चार वेळा फिरवला आणि “झालं बघा” म्हणून परत दिला. व्हिडिओ गेला होता. पण तो कसा गेला ते तिच्या अंगठ्याला माहीत होतं, माझ्या नाही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही हे रोज होत असेल. मुलगा, नातू, सून, भाचा, सगळे प्रेमानेच करतात. “आण आई, मी करून देतो.” काम होतं आणि शिकणं राहतं. मी त्या मुलीला म्हटलं, “बाळ, हा फोन म्हणजे माझी कात्री. तू शेजारी बस, बोट दाखव, पण फोन माझ्या हातातून घेऊ नकोस. मला वेळ लागू दे.” तिला ते पटलं. त्या दिवसापासून ती हात पाठीमागे बांधून बसायची. तीन आठवड्यांत मी फोटो काढून पाठवणं, आवाजाचा निरोप पाठवणं, छोटा व्हिडिओ काढणं आणि ग्रुप बनवणं, एवढं शिकले.

शिकताना तीन गोष्टींचा मला उपयोग झाला. पहिली, एक वही. रोज एकच गोष्ट शिकायची आणि ती आपल्या शब्दांत लिहून ठेवायची. “कागदी पिनेचं चित्र दाबलं की फोटो जातो,” असं. इंग्रजी नाव पाठ करायची गरज नाही, चित्र ओळखलं म्हणजे झालं. दुसरी, अक्षर मोठं करून घेणं. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवता येतो. चाळिशी लागलेल्या बाईने लहान अक्षरांशी झुंजत बसू नये. तिसरी, बोलून लिहिणं. टाइप करायच्या पाटीवर माइकचं छोटं चित्र असतं. ते दाबून मराठीत बोललं की फोन मराठीत लिहितो. एखादा शब्द चुकतो, तेवढा सुधारायचा. ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे, त्यांचं अर्धं ओझं इथेच उतरतं.

आता कुणी म्हणेल, या वयात कशाला? मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव ऐकलं असेल. तिथे ८ मार्च २०१६ला, महिला दिनी, योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन दुपारी शाळेत येऊ लागल्या. दुपारची वेळ का, तर सकाळची कामं उरकून येता यावं म्हणून. शिकवायला बाहेरून कुणी मोठं माणूस आणलं नाही, गावातलीच एक सून शिकवू लागली. यातून मला एक दिसतं. म्हातारी बाई शिकत नाही असं जे म्हणतात, त्यात पुष्कळदा वेळ चुकीची असते आणि शिकवणाऱ्याची घाई असते. वेळ सोयीची ठेवली आणि घाई काढली, की सत्तरीची बाईही अक्षर गिरवते.

दुसरं उदाहरण नगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचं. त्यांना सगळे “आपली आजी” म्हणून ओळखतात. २०२० साली, सत्तरीच्या घरात असताना, त्यांनी नातवाच्या मदतीने यूट्यूबवर रांधायला शिकवायला सुरुवात केली. चित्रीकरण नातू करायचा, स्वयंपाक आजी करायच्या. लाखो लोक बघू लागले. त्यांनी फोनचं शिक्षण आधी पुरं केलं आणि मग शिकवायला घेतलं, असं झालं नाही. जे शिकवायचं ते त्यांच्या हातात आधीच होतं. तुमच्या गटात कुणाला पापड येतात, कुणाला गोधडी, कुणाला शेळीचं बाळंतपण, कुणाला बियाणं राखून ठेवणं. ती मोठी विद्या. तिच्यापुढे फोन शिकणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. डोळ्यांना त्रास होतो, दोन-चार वेळा निसटतो, पण ओवला जातो.

आता माझ्या गावाकडच्या कामाकडे येते. माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात. तिथे माझ्या भाच्याच्या बायकोचा अकराजणींचा बचत गट आहे. २०२१च्या सुरुवातीला तिने फोन केला. “आत्या, गटाला दोन मशीन मिळाली आहेत, पायाने चालवायची. शिकवणारं जवळपास कुणी नाही. क्लास तालुक्याला, एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस जातो. तुम्ही मुंबईच्या बायांना फोनवर शिकवता, आम्हाला शिकवाल?”

मी आधी एक विचारलं, फोन कुणाकडे आहेत? अकराजणींपैकी सात घरांत स्मार्टफोन होते. त्या सातांतले बाईच्या स्वतःच्या हातातले चारच. बाकीचे नवऱ्याचे किंवा मुलाचे. एकीचा नवरा फोन घेऊन सकाळी रानात जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. म्हणजे दुपारी तीनला मी कितीही छान शिकवलं तरी तिच्यापर्यंत काही पोचणार नव्हतं. म्हणून ठरवलं, धडा रात्री आठनंतर पाठवायचा आणि तो कधीही बघता येईल असा ठेवायचा. सगळ्यांनी एकाच वेळी फोनसमोर बसावं, असा वर्ग घेतलाच नाही. ज्या चौघींकडे स्मार्टफोन नव्हता, त्यांची स्मार्टफोन असलेल्या बाईशी जोडी लावली.

मग कुठल्या कामाला कुठलं साधन, हे हळूहळू कळत गेलं. ते एकेक सांगते.

आवाजाचा निरोप. व्हॉट्सअॅपमध्ये माइकच्या चित्रावर बोट दाबून धरायचं, बोलायचं, बोट उचललं की निरोप गेला. हे मला सगळ्यांत आवडतं. ऐकणारीला वाचावं लागत नाही, डोळे आणि हात मोकळे राहतात. तुम्हीही आत्ता मला ऐकताय, कुणी तांदूळ निवडत, कुणी भाकरी थापत. रेडिओचं हे बळ आवाजाच्या निरोपात आहे, आणि वर एक फायदा म्हणजे तो परत ऐकता येतो. क्रमाने सांगायचं असेल, कापड कसं धुऊन घ्यायचं, अस्तर आधी का भिजवायचं, मशीनला तेल कुठे घालायचं, ते सगळं आवाजाने सांगावं. पण दोन मिनिटांच्या वर बोलू नये. लांबलेला निरोप कुणी दुसऱ्यांदा ऐकत नाही.

फोटो. माप, आखणी आणि झालेलं काम बघायला फोटो उत्तम. कागदावर आखलेल्या ब्लाउजचा फोटो सरळ वरून काढायचा. तिरका काढला तर गोलाई वेडीवाकडी दिसते आणि बाई तशीच आखते. फोटोत शेजारी टेप पसरून ठेवली की मापाचा अंदाज येतो. छाती ३६ असेल तर चौथा भाग ९ इंच, अधिक शिलाईची माया, असं मोठ्या अक्षरात कागदावरच लिहायचं.

इथे कमलाबाई ओगल्यांची आठवण होते. त्यांचं ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७०चं. बाईंचं शाळेचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण त्यांनी पदार्थ सांगताना वाटी आणि चमचा ही मापं धरली, जी प्रत्येक घरात असतात. म्हणून नवी नवरीसुद्धा पुस्तक उघडून स्वयंपाक करू शकली. शिकवताना माप असं द्यावं, जे शिकणारीच्या घरात आहे. गावात दोघींकडे टेप नव्हती. त्यांना मी सुतळी घ्यायला सांगितली. अंगाला लावून घेतलेलं माप सुतळीला गाठ मारून ठेवायचं आणि सुतळीची चौपदरी घडी घातली की चौथा भाग तयार. भागाकार करायलाच नको.

व्हिडिओ. हाताची हालचाल दाखवायची असेल तिथेच व्हिडिओ. बाही मुंढ्याला जोडताना कापड कसं फिरवायचं, पाय आणि हात यांचा मेळ कसा घालायचा, हे फोटोत दिसत नाही. एका व्हिडिओत एकच काम आणि दोन-तीन मिनिटांत संपेल असं. गावात नेटवर्क देवळाच्या कट्ट्यावरच मिळायचं. मोठा व्हिडिओ उतरायला इतका वेळ लागायचा की बाया कंटाळून घरी जायच्या. छोटे तुकडे पाठवायला लागल्यापासून त्या कट्ट्यावर उतरवून घ्यायच्या आणि घरी मशीनशेजारी बसून बघायच्या.

चित्रीकरणाला सामान लागत नाही. दोन उंच स्टुलं, त्यांवर आडवी फळी, फळीच्या कडेला फोन असा ठेवायचा की कॅमेरा खाली बघेल, आणि वर वजनाला पुस्तक. खाली कापड. उजेड खिडकीचा, बाजूने येणारा. पंखा बंद, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. आमच्या दादरला गाडीचा आवाज बंद करता येत नाही, म्हणून मी दोन गाड्यांच्या मधे बोलायला शिकले. तुमच्याकडे कोंबडा आणि पिठाची गिरणी असेल. ते चालतं, ऐकणारी काही तक्रार करत नाही. बोलताना मात्र हाताच्या मागोमाग बोलावं. आधी हात फिरवायचा, मग सांगायचं. दोन्ही एकदम केलं की बघणारी गोंधळते.

यूट्यूब. तिथे टाकलेला व्हिडिओ सगळ्या जगाला दिसतो, असं अनेकींना वाटतं. तसं करायची सक्ती नाही. व्हिडिओ चढवताना “अनलिस्टेड” असा पर्याय असतो. तो निवडला की व्हिडिओ शोधून सापडत नाही, ज्यांना आपण दुवा पाठवतो त्यांनाच दिसतो. अर्थात दुवा पुढे गेला तर दुसराही बघू शकतो. पण धडे एका जागी राहतात, फोनमधली जागा भरत नाही, आणि सहा महिन्यांनी आलेल्या नव्या बाईला पहिल्यापासून सगळं बघता येतं. शिवाय यूट्यूबवर व्हिडिओचा वेग कमी करता येतो. हे मी गटाला सांगितलं, तेव्हा एक बाई म्हणाली, “आत्या, म्हणजे तुम्हाला हळू चालवता येतं!” फोनने दिलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, असं मला वाटतं. वर्गात तिसऱ्यांदा “पुन्हा सांगा” म्हणायला बाईला लाज वाटते. फोनला ती तेराव्यांदाही विचारू शकते.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हाच धागा पकडला. शाळेच्या पुस्तकात त्यांनी क्यूआर कोड घातले, म्हणजे ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट. फोनने ती टिपली की धडा ऐकायला-बघायला मिळतो. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून दिली. आमच्या गटाने पुढे त्यांचंच बघून, कागदी नमुन्यांवर त्या त्या व्हिडिओची चौकट छापून चिकटवली. बाहीचा नमुना हातात घेतला की बाहीचा धडा समोर.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम मी शिकवायला वापरत नाही. तयार माल दाखवायला ते बरे. शिकणारीला तिथे लक्ष ठेवता येत नाही, धड्यामागून नाच आणि जाहिरात येते.

आता शिकवण्यातल्या अवघड भागाकडे येते. ग्रुप बनवला की सगळ्या आपापल्या कामाचे फोटो टाकतात. एक बाई कधीच टाकायची नाही. निरोप मात्र सगळे ऐकायची. मी तिला एकटीला आवाजाचा निरोप पाठवला, “तुझा फोटो मला एकटीला पाठव, ग्रुपवर नको.” दोन दिवसांनी फोटो आला. शिलाई नागमोडी होती, आणि सगळ्यांनी ती बघावी असं तिला वाटत नव्हतं, यात तिचं काय चुकलं? सासू आणि जाऊ त्याच ग्रुपवर होत्या. तेव्हापासून मी नियम केला. शाबासकी सगळ्यांसमोर, दुरुस्ती एकटीशी. हा नियम वर्गात पाळता येत नाही, कारण खोली एकच असते. फोनवर पाळता येतो. आज ती बाई गटातली सगळ्यांत सफाईची शिवणारी आहे.

दुसरा नियम ग्रुपचा. शिकण्याच्या ग्रुपवर सुप्रभात, देवाचे फोटो, राजकारण काही नाही. त्यासाठी वेगळा ग्रुप खुशाल करा. नाहीतर बाहीचा व्हिडिओ शंभर फुलांच्या खाली गाडला जातो. गरज पडली तर फक्त अॅडमिनला निरोप टाकता येईल, अशी सोय सेटिंगमध्ये आहे.

आता सांभाळायच्या गोष्टी. ब्लाउजचं शिवण म्हणजे बाईच्या अंगाचं माप. म्हणून आमच्या गटात अंगात घातलेल्या ब्लाउजचा फोटो कुणी पाठवत नाही. जमिनीवर पसरलेल्या कपड्याचा फोटो पाठवायचा किंवा उशीला घालून काढायचा. फोटो एकदा फोनबाहेर गेला की तो आपला राहत नाही. मापाच्या वहीचा फोटो काढायचा तर गिऱ्हाइकाचं नाव झाकून.

पैशाचं सांगते. ब्लाउजचे पैसे गिऱ्हाईक फोनवरून देतं. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. “पैसे पाठवतो, ही चौकट स्कॅन करा आणि पिन टाका,” असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. ओटीपी कुणाला सांगायचा नाही, बँकेतून बोलतो म्हणाला तरी. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. १९३० या नंबरला लगेच फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं. आपल्या आजींचं यूट्यूब चॅनेलही २०२०च्या ऑक्टोबरात कुणीतरी पळवलं होतं, काही दिवसांनी ते परत मिळालं. म्हणून व्हॉट्सअॅपला सहा आकड्यांचा जादा पिन लावून घ्या. “टू-स्टेप व्हेरिफिकेशन” म्हणतात त्याला. आणि पासवर्ड त्याच वहीत लिहू नका, जी सगळ्यांसमोर उघडी असते.

फोनला काय जमत नाही, तेही सांगायला हवं. मशीनचा ताण जास्त झालाय की कमी, हे मी वर्गात नुसत्या आवाजावरून ओळखते. फोनवर तो आवाज पोचत नाही. कापडावर हाताचा दाब किती, हे हातावर हात ठेवूनच कळतं. म्हणून २०२२च्या मे महिन्यात मी गावाला गेले, तीन दिवस राहिले. वर्षभरात फोनवर न सुटलेलं बरंचसं त्या तीन दिवसांत सुटलं. पण ते तीन दिवस पुरले, कारण वर्षभराचा अभ्यास फोनवर झालेला होता. तुमच्या गटानेही असंच करावं. आधी फोनवर शिका, प्रश्न वहीत लिहा आणि शिकवणारीला एकदा तरी प्रत्यक्ष बोलवा. तिच्या येण्या-जाण्याचा खर्च गटाने मिळून करावा.

अकराजणींचं काय झालं, तेही खरं खरं सांगते. तिघींनी सोडलं. त्यांना शिवण आवडलं नाही, आणि त्यात काही बिघडलं नाही. चौघी घरापुरतं शिवतात. चौघी गिऱ्हाइकांचं शिवतात. गणपतीच्या आधी आणि लग्नसराईत त्यांना उसंत नसते. गावातल्या बायका पूर्वी ब्लाउज शिवायला तालुक्याला टाकायच्या, त्यातले बरेच पैसे आता गावात राहतात. आणि त्या चौघींमधली एक आता शेजारच्या वाडीतल्या बायांना शिकवते. तिच्याकडे तेव्हा फोनही नव्हता. जोडीदारणीच्या फोनवर शिकली, पहिल्या कमाईतून जुना फोन घेतला आणि तो कुणाला देत नाही. नवऱ्याने एकदा मागितला तर म्हणाली, “हा माझा क्लास आहे.”

या वाक्यासाठीच मी आज इतकं बोलले. फोन दुसऱ्याच्या हातात असला, तर आपला वर्ग, आपले धडे, आपलं गिऱ्हाईक आणि आपले पैसेही त्याच्या हातात असतात. घरातलं माणूस कितीही चांगलं असो. मुलाची मदत घ्या, नातवाची घ्या, सुनेची घ्या. पण त्यांना शेजारी बसवा आणि अंगठा आपला फिरवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत चार कामं करा. पहिलं, कुणाला काय येतं याची यादी करा, लोणच्यापासून हिशेबापर्यंत. दुसरं, कुणाचा फोन कुठल्या वेळी तिच्या हातात असतो ते विचारा. तिसरं, ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची जोडी लावा. चौथं, यादीतली एक गोष्ट निवडा आणि जिला ती येते तिला तीन मिनिटांचा व्हिडिओ करायला सांगा. गटातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाईपासून सुरुवात केलीत तर फारच छान. चित्रीकरण तरुण मुलींनी करावं, पण पाठवायचं बटण त्या आजीनेच दाबावं.